सगळ्या गावाचा एकच घाणा

हरणांना झुरवून मारणारा रोग अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका गावात शिरला होता. "शिकारीचं मुंडकं तपासायला द्या, रोगी हरणाचं मांस पोटात जायला नको," असं वनखात्याचा साहेब सभेत म्हणताच शिकारी डेल्मर खवळला. "रोग तुमच्या ऑफिसात आहे, साहेब. आज हरणाचं मुंडकं मागताय, उद्या आमचं मागाल." शिकाऱ्यांनी बाकं बडवली. एकही मुंडकं द्यायचं नाही असं ठरलं, आणि गावाने ते पाळलंही.

पाळलं नाही ते एकट्या डेल्मरने. परगावी गुपचूप मुंडकं तपासून घेऊन, आपलं हरीण निरोगी ठरल्यावरच त्याने मांस अर्विन खाटकाकडे सॉसेजला टाकलं.

नातवंडांनी पहिली पाकिटं फस्त केल्यावर उरलेली न्यायला तो ऐटीत आला. "माझ्या हरणाची चवच न्यारी, अर्विन."



"तुझ्या एकट्याचं कुठलं आलंय?" अर्विन म्हणाला. "सॉसेजला मी सगळ्या गावाचं मांस एकत्रच दळतो."