पाचाच्या आत

“दार मी लावलंच नव्हतं,” रुपालीने विंगेतून कुजबुजत वाक्य टाकलं.

रंगमंचावर कौशल्याताई खुर्चीची पाठ धरून गप्प उभ्या होत्या. त्यांनी ते अलगद झेललं. “दार मी लावलंच नव्हतं रे,” त्या म्हणाल्या, आणि अशा म्हणाल्या की पहिल्या रांगेतल्या बाईने डोळ्यांना रुमाल लावला. घ्या! विसरलेल्या वाक्यावरसुद्धा माणसं रडवणारी बाई ही.

रुपालीच्या हातातल्या टॅबवर त्या वाक्याशेजारी एक लाल चौकट होती. कुणी वाक्य विसरलं की ती दाबायची, आणि प्रयोग संपला की एकूण आकडा दिग्दर्शकाला पाठवायचा. पूर्वी वही होती, पेन्सिल होती, आणि वही कधी कुणाची चुगली करत नसे. टॅब आणला विश्वजीतने. विश्वजीत म्हणजे दिग्दर्शक. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या आयटी कंपनीत, शनिवार-रविवार रंगभूमीवर. प्रकाश, संगीत, पडदा, सगळ्यांचे इशारे एका बोटावर आले, हे खरंच होतं. उगाच नावं कशाला ठेवायची?

पण आज दुपारी पहिल्या घंटेआधी तो रुपालीला बाजूला घेऊन म्हणाला होता, “आज ताईंचे पाच झाले, की नेक्स्ट संडेपासून आईचा रोल उत्कर्षा करेल. तिच्या तालमी झाल्यात. इमोशनल व्हायचं नाही, डेटा बघायचा.”

रुपालीने मान हलवली होती. तिला वाईट वाटायला हवं होतं. लोणी काळभोरहून आलेल्या पोरीला विंगेत उभं राहायला ज्या बाईने शिकवलं, तिचाच काटा आता हिच्या बोटाने निघणार होता. पण आत काही हललंच नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, तशी ती सगळीच झाली होती.

पहिल्या अंकात चार झाले होते. हे पाचवं. बोट चौकटीपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

त्यानंतर ती नुसती वाक्यं टाकत राहिली. एक टाकलं, दुसरं टाकलं. ताईंनी एकदा सबंध पानच उडवलं, तेव्हा तिने पुढचा प्रकाश आधी द्यायला लावला, मुलाचं काम करणाऱ्या आमोदला डोळ्याने खुणावलं आणि गाडी रुळावर आणली. प्रेक्षकांना पत्ता नाही. टॅबवर आकडा चारच. आपण धडधडीत खोटेपणा करतोय, याचीही तिला लाज वाटेना.

पडदा पडला. टाळ्या झाल्या. ती आकडा पाठवणार, एवढ्यात ताई विंगेत येऊन उभ्या राहिल्या. कपाळावरचा रंग घामाने ओघळला होता.

“किती झाले?”

“चार, ताई.”

“कुणाला शेंडी लावतेस गं? अकरा. तुझा आवाज मला अकरा वेळा ऐकू आला. वाक्यं विसरते मी, मोजायला नाही विसरले अजून.”

रुपालीने टॅब छातीशी धरला.

“विश्वजीतने मलाही सांगितलंय. तेवढं बरं, तोंडावर तरी बोलला.”

“ताई, आजचा दिवस बरा नव्हता. पुढच्या रविवारी...”

“पुढच्या रविवारी बारा. आणि एखाद्या दिवशी नेमकी तू खोकलीस नि मला ऐकूच आलं नाही, तर? त्या आमोदच्या तोंडाकडे बघत बसू? समोर तिकीट काढून माणसं बसलेली असतात, बाई. माझी कीव करायला नाही येत ती.” त्यांनी हात पुढे केला. “आण ते. कुठे दाबायचं?”

रुपालीने दाखवलं. ताईंनी बोट टेकवलं, पण चौकट काही हलेना. बोटाला रंग लागला होता. रुपालीने ओढणीच्या टोकाने ते बोट पुसलं. नीट, नखाच्या कडेपर्यंत पुसलं.

“कुठली वाक्यं, ते तूच दाखव. तेच तर आठवत नाही.”

मग रुपाली पानं सरकवत गेली आणि वाक्यांवर बोट ठेवत गेली. ताई प्रत्येक वाक्य हळू आवाजात म्हणायच्या, जसं म्हणायला हवं तसंच, आणि मग चौकट दाबायच्या. सात वाक्यं, सात चौकटी. आकडा अकरा झाला आणि विश्वजीतकडे गेला. रुपालीला वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं.

ताई विंगेतल्या खोक्यावर टेकल्या.

“उत्कर्षाला हे यंत्र सगळं सांगेल?”

“हो. कुठे उभं राहायचं, कधी वळायचं, सगळं आहे यात.”

“दुसऱ्या अंकातला चहा खरा असतो, उकळता. विश्वजीतला वाफ दिसायला हवी असते. पहिला घोट घ्यायचा नाही, कप नुसता ओठाला लावायचा. मी पहिल्याच प्रयोगाला जीभ भाजून घेतली. हे आहे का त्यात?”

“नाही.”

“मग लिही.”

रुपाली त्यांच्या पायाशी बसून लिहायला लागली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीला खिळा आहे, साडी अडकते. आमोद रडताना खांद्यावर सगळा भार टाकतो, तेव्हा डावा पाय आधीच मागे ठेवायचा. पत्र वाचताना कागदाकडे बघायचं नाही, प्रकाश डोळ्यांवर येतो. ताई एकामागून एक सांगत होत्या आणि रुपालीला एकदाही शब्द पुरवावा लागला नाही.