भांडणाची खोली

२००९ सालची गोष्ट. मिरजेच्या त्या वृद्धाश्रमात कुणासोबत राहायचं हे निवडायची मुभा फक्त नवराबायकोला होती. उभा जन्म एका घरात, एका अंथरुणात काढलेल्या सिंधू आणि कमळजा जगाच्या लेखी नुसत्या मैत्रिणी. त्यांना दोन टोकांच्या खोल्या मिळाल्या. संधिवातानं कमळजाचे हात वर जात नव्हते. तिची वेणी रोज सिंधूच घाली. आता कोण घालणार?

पण सिंधूला व्यवस्थापक दाभाडेबाईंचा खाक्या कळला. भांडणाऱ्या बायकांना समेट होईपर्यंत त्या एकाच खोलीत ठेवत. दुसऱ्याच दिवशी भर पंगतीत सिंधूनं कमळजाच्या आमटीत पाणी ओतलं.

"अगं मेले, डोळे फुटले का तुझे?" कमळजा कडाडली.

"तिखट खाऊन खाऊनच तुझी जीभ अशी झालीय!"

"उचला दोघींचं सामान," दाभाडेबाई म्हणाल्या. "गोडी होईपर्यंत एकाच खोलीत!"

गोडी काही झाली नाही. रोज पंगतीत नवं भांडण, आणि खोलीचं दार लावलं की हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी.

पुढे कमळजा सिंधूच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. दाभाडेबाई निवृत्त झाल्या. त्या निघताना सिंधूनं त्यांना छेडलं, "आमचं भांडण तेवढं तुम्हाला मिटवता आलं नाही हं!"

"हात वर न जाणाऱ्या बाईची वेणी रोज इतकी घट्ट," बाई म्हणाल्या. "मी कशाला मिटवू?"

सिंधू अजून त्याच खोलीत आहे. दुसऱ्या खाटेवर कुणी आलं, तर तिच्याशी अगदी गोड वागते. भांडण तिनं कमळजासाठी राखून ठेवलंय.