अख्खी गोळी

नरहरशास्त्र्यांनी ऋचेचे पहिले दोन शब्द उच्चारले आणि विश्वजीतच्या छातीत काहीही झालं नाही.

व्हायला हवं होतं. मागच्या दोन्ही वेळा याच मठात, याच चटईवर त्याच्या छातीत असा धडधडाट झाला होता की स्वतःचा आवाजही धड ऐकू येईना. घनपाठाची परीक्षा म्हणजे समोर पाच शास्त्री पोथ्या उघडून बसणार आणि विद्यार्थ्याच्या हातात काहीच नाही. ते म्हणतील तिथून उचलायचं आणि एकेक शब्द पुढंमागं, उलटसुलट गुंफत न्यायचा. चूक झाली की चौरंगावर टिचकी वाजते. तीन टिचक्या झाल्या की उठायचं. विश्वजीत दोनदा उठला होता. तिसऱ्यांदा उठला तर पुन्हा कधीच बसता येणार नव्हतं, असा मठाचा नियम.

दुर्गाकुंडाजवळच्या कोचिंगमधली पोरं पेपरच्या दिवशी जी गोळी घेतात, तीच त्यानं डॉक्टरांकडून लिहून घेतली होती. पोरांचा पेपर यंदाचा, याचा हजारो वर्षांचा जुना, पण भीतीला त्याचं काय? डॉक्टर म्हणाले होते, अर्धी घे, आणि आधी एकदा घरी घेऊन बघ. विश्वजीतनं ती आज सकाळी पहिल्यांदाच घेतली, संध्येला बसल्यावर, आचमनाच्या पळीतल्या पाण्याबरोबर, आणि अख्खी. एक पळी पुरली नाही, दुसरी घ्यावी लागली.

आता तो म्हणत होता. आवाज लागला होता, स्वर जागच्या जागी पडत होते. मांडीवरचे हात दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे निपचित होते. वर पंखा करकरत होता, कडेच्या शास्त्रीबुवांना डुलकी येत होती. त्याला सगळं दिसत होतं, आणि कशाचंच काही वाटत नव्हतं.

खांबाशी अण्णा बसले होते, त्याचे वडील आणि गुरू. मणिकर्णिकेवर त्यांना वेणीमाधवशास्त्री म्हणून सगळे ओळखत. महाराष्ट्रातून येणाऱ्यांची अंत्यकर्मं तेच करत, आणि रडणाऱ्या माणसांशी फार मायेनं बोलत. घरी मात्र मुलाचा एक स्वर घसरला की हात उचलायचे, मग चार दिवस अबोला. आत्ता त्यांचे ओठ विश्वजीतबरोबर हलत होते.

मग ती जागा आली. तिथले दोन शब्द दुसऱ्या एका सूक्तातही जसेच्या तसे येतात. म्हणणारा नकळत तिकडे वळतो आणि परतीची वाट सापडत नाही. दोन्ही वेळा विश्वजीतचा घात इथंच झाला होता. अण्णांचे ओठ थांबले. त्यांनी डोळे मिटून घेतले. विश्वजीत ती जागा ओलांडून गेला, आणि आपण ओलांडली हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा पुढची ऋचा अर्धी झाली होती.

सव्वा तासात एकही टिचकी वाजली नाही. नरहरशास्त्र्यांनी पोथी मिटली.

"पाठ शुद्ध. आणि किती आराम से म्हटलंस रे!"

विश्वजीतनं नमस्कार केला. तो घनपाठी झाला होता. या एका शब्दासाठी त्यानं लहानपणापासून मार खाल्ला होता, आणि आता तो शब्द मिळाला तर बरं झालं, एवढंच वाटलं.

बाहेर मुन्शी घाटाच्या पायऱ्या उतरताना अण्णा पुढं होते. मधेच ते थांबले, पायरीवर बसले आणि भर उन्हात रडायला लागले. विश्वजीतनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आजोबांना अग्नी देतानासुद्धा नाही. तो शेजारी जाऊन बसला.

"तीस साल झाले," अण्णा म्हणाले. "मी पण परीक्षेला बसलो होतो, याच मठात. पहिलीच टिचकी वाजली आणि उठून जो पळालो तो थेट घरी. लोकांना सांगितलं, ताप भरला होता. परत गेलोच नाही. मणिकर्णिकेवर चुका काढायला कोणी बसत नाही ना, म्हणून तिथलं काम धरलं."

अण्णांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तुझा स्वर घसरला की मला ती टिचकी ऐकू यायची. तुझी काहीच गलती नव्हती, विशू. माझं चुकलं."

हे शेवटचं वाक्य विश्वजीतनं मनातल्या मनात किती वेळा ऐकलं असेल! ते कानावर पडेल तेव्हा आपण रडू, भांडू, नाहीतर उठून चालू लागू, असं बरंच काही त्यानं ठरवून ठेवलं होतं. आता अण्णा खरंच बोलले होते, आणि त्याला ते शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं ऐकू आलं. शब्द सगळे कळले. आत काही पोचलं नाही. याचं तरी वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटेना.

"अण्णा," तो म्हणाला, "मी सकाळी दवा घेतलीय. भीती वाटू नये म्हणून. जादा घेतली. मला आत्ता काहीच वाटत नाहीये. शाम तक उतरेल. तेव्हा हे परत सांगाल?"

अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. खाली एक नाव किनाऱ्याला लागली, माणसं उतरली, पायऱ्या चढून त्यांच्या बाजूनं निघून गेली.

"संध्याकाळी," अण्णा म्हणाले, "मला धीर व्हायचा नाही रे."