गोकुळला समजावायला

"बाई, एवढ्या उन्हात कशाला आलात? फोन करायचा ना," म्हणत गोकुळ खुर्चीवरून उठला आणि वाकून भानुमतीबाईंच्या पाया पडला. एसीच्या गारव्यात बाईंच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली.

गंगापूरच्या शाळेत बाईंनी त्याला भूगोल शिकवला होता. आता तो पुढारी झाला होता. गेल्या महिन्यात बजाजनगरच्या सभेत तो गरजला, "तापमानवाढ-बिढ हे परदेशी लोकांचं खूळ हाय. आपले आजे-पणजे काय सावलीत बसून राबले का?" टाळ्यांचा नुसता कडकडाट. दुसऱ्या दिवसापासून त्यानंच काढलेल्या रस्त्याच्या कामावरची दुपारच्या उन्हातली सुट्टी बंद झाली. तिसऱ्या दिवशी दोन वाजता पुंजाराम खडी टाकता टाकता कोसळला, तो उठलाच नाही. त्याची बायको आवडाबाई त्याच कामावर. तेरावं उरकलं होतं, उद्यापासून तिला पुन्हा तिथंच जायचं होतं.

ती बाहेर बाकावर बसली होती. बाई तिला सांगून आत आल्या होत्या, "पोरगा मनानं वाईट नाही गं. समजत नाही त्याला. सुट्टी चालू करायला लावते."

बाईंनी पिशवीतून चाळीस उन्हाळ्यांच्या तापमानाच्या आकड्यांचा कागद काढला. गोकुळनं तो हातातही घेतला नाही. हवेतला कार्बन उष्णता कशी धरून ठेवतो, समुद्र का तापतो, मराठवाड्यातला पाऊस बेभरवशाचा का झाला, सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. एक चूक नाही. शाळेतही पैकीच्या पैकी मार्क त्याचेच असायचे. वेड्या बाईंचा जीव सुपाएवढा झाला.

"तुम्ही शिकवलेलं इसरंल व्हय मी?"

"मग सभेत तसं का बोललास?"

"खरं बोललो तर सुट्टी द्यावी लागती, बाई. आन् सुट्टी दिली तर निवडणुकीआधी रस्ता होत नाय."

"आणि पुंजाराम?"

गोकुळनं बेल दाबून चहा मागवला.

बाई चहाला थांबल्या नाहीत. माणसाला एकदा नीट कळलं की तो वाईट वागत नाही, या भरवशावर त्यांनी आयुष्यभर खडू झिजवला होता.

त्यांना पाहून आवडाबाई लगबगीनं उठली.

"समजलं का वो त्येंना, बाई?"

नवऱ्याचा जीव कुणीतरी जाणूनबुजून घेतला, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? बाईंनी तिचा हात हातात घेतला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून ढच आहे तो."