कंप्रेसर सुरक्षित

तिचा फोन थरथरला, तेव्हा खाडीपलीकडच्या एका बोटीवर एसीचा सेन्सर बसवता बसवता ती तिथल्या कप्तानाला तो कशासाठी ते समजावून सांगत होती. बोटीतला एसी समुद्राच्या पाण्यावर थंड राहतो. तळाशी पंप असतो, तो पाणी ओढतो. जाळीत शेवाळ अडकलं आणि पाणी थांबलं, तर कंप्रेसर तापून जळतो. म्हणून पाइपावर हा सेन्सर. पाणी थांबल्याचं त्याला कळलं, की कंट्रोलर कंप्रेसर बंद करतो आणि मालकाच्या फोनवर निरोप पाठवतो.

"माझ्या डोक्यालाही बसव बाई असा एक," कप्तान म्हणाला. "तापलं की आपलं बंद."

ती हसली आणि फोन बघितला. निरोप तिच्याच बोटीवरून आला होता. पाणी येत नाही. कंप्रेसर बंद. कंप्रेसर सुरक्षित.

तिचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्या बोटीत बाबा एकटे होते.

आई गेल्यापासून बापलेकीचं घर म्हणजे ती बोटच. बाबांचा सगळा जन्म बोटींच्या इंजिनांत गेलेला. जमिनीवर झोप लागत नाही म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. काठी टेकत केबिनमध्ये चार पावलं टाकायचे, तेवढंच. ती सकाळी कामाला निघायची ती रात्री उशिराच परतायची. केबिनच्या काचा पक्क्या बसवलेल्या. दार सरकतं, पण जड. एका हाताला दाद देत नसे. एसी चालू होता तोवर यातलं काहीच अडत नव्हतं.

तिने बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. धक्क्यावरच्या रखवालदाराचा फोन लागेना. शेजारच्या बोटवाल्याने उचलला, पण तो दूर समुद्रात होता.

"अगं, मी पार बाहेर आलोय गं," तो म्हणाला. "परत येईपर्यंत..."

फोनवर केबिनचं तापमान दिसत होतं. तो सेन्सरही तिनेच बसवला होता, बाबांना गारठा बाधू नये म्हणून. आकडा चढत होता. तिने 'चालू' दाबलं. पाणी येत नाही, कंट्रोलरने कळवलं. तिने पुन्हा दाबलं. जळू दे मेला तो कंप्रेसर, पण थोडी तरी गार हवा सोड. कंट्रोलर ऐकेना. कुणी कितीही दाबलं तरी ऐकायचं नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

"कोण आहे तिकडे?" कप्तानाने विचारलं.

"बाबा."

कप्तानाने छोटी होडी सोडली, तिला हाताला धरून आत घेतलं आणि मोटर सुरू केली. खाडी ओलांडून जायचं होतं. ऊन डोक्यावर आलं होतं. मोटर जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि समोरचा धक्का काही जवळ येत नव्हता. ती आकडा बघत राहिली. मग बघवेना, म्हणून फोन मांडीवर पालथा ठेवला. मग राहवेना, म्हणून पुन्हा सुलटा केला.

दार सरकवलं तशी आतली वाफ तोंडावर आली. बाबा खाली बसले होते, मशीनच्या झाकणाला टेकून, मान छातीवर. सदरा अंगाला चिकटलेला. काठी हाताच्या टप्प्याबाहेर पडलेली. फोन पलंगावर. दोघांनी त्यांना काखेत धरून वर सावलीत आणलं. तिने मानेवर ओला टॉवेल ठेवला, चमच्याने घोट घोट पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि कप्तानाकडे बघून विचारलं, "हे कोण?"

कप्तानाने हात जोडून नमस्कार केला.

मग ती केबिनमध्ये उतरली. मशीनचं झाकण काढलं, जाळी उघडली. आत शेवाळाचा एक तंतूही नव्हता. पंप ठीक होता. वायर ठीक होती. तिचा हात पाइपावरून खाली खाली गेला आणि थांबला. समुद्राचं पाणी आत घेणारी झडप बंद होती. ती कुणीतरी फिरवल्याशिवाय फिरत नाही.

ती वर आली. "बाबा, पाण्याची झडप कुणी बंद केली?"

बाबांनी टॉवेलचं टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरलं.

"मी. तुला निरोप गेला, की लगेच उघडणार होतो. हातात जोरच राहिला नाही."

"अहो, पण का?" तिचा आवाज फाटला. "जीव गेला असता ना!"

त्यांनी एकदा कप्तानाकडे पाहिलं, परक्या माणसासमोर बोलावं की नाही अशा नजरेने. मग तिच्याकडे.

"परवा एसी आपला आपण बंद पडला होता," ते म्हणाले. "तेव्हा तू धावत घरी आलीस. आणि मग जेवूनच गेलीस."