पालखीची वाट

“करवंदच द्या. बोटभर काटे येतात ती,” मी नर्सरीवाल्याला सांगितलं. वाटण्या झाल्यापासून धाकट्या भावाची गुरं आमचा भाजीपाला फस्त करत होती आणि तो खुशाल ओटीवर बसून बघत होता.

बायकोनं माझ्या हातातलं रोप काढून खाली ठेवलं. “आजवर सुक्या फांद्यांचं कुंपण होतं, शिमग्याला उपसता यायचं. हे जिवंत कुंपण कोण उपसणार? देवाची पालखी भावोजींच्या अंगणातून आपल्याकडे येते, ती काय काट्यांवरून आणणार? कडू मेंदी लावू, तिला गुरं तोंड लावत नाहीत. आणि मधे पालखीपुरती जागा सोडू.”

मी घुटमळलो. पालखी नाचवताना पुढचा दांडा कायम त्याच्या खांद्यावर असतो, मागचा माझ्या.

“मेंदी द्या,” मी म्हणालो.

रिक्षातून रोपं उतरवली तेव्हा धाकटा हद्दीवर वाकलेला होता. रस्त्यापासून विहिरीपर्यंत त्यानं करवंदं लावून टाकली होती. मधे कुठेही जागा नव्हती.

“अरे, पालखी कुठून आणायची?”

“तुझी तू रस्त्यानं ने,” रोपाभोवतीची माती पायानं दाबत, वर न बघताच तो म्हणाला.

मी बायकोकडे पाहिलं. पदर खोचून तिनं कुदळ उचलली आणि पालखीसाठी जिथे जागा सोडायची ठरली होती, बरोबर तिथेच मेंदीचा पहिला खड्डा खणायला घेतला.