प्रमिलाचे शंभर गुण

नववीच्या निकालाच्या दिवशी रमण गावित पेढे घेऊन ठोंबरेबाईंच्या वर्गात आले. त्यांच्या प्रमिलाला गणितात शंभरपैकी शंभर मिळाले होते.

बाईंनी पेढा हातात घेतला, पण त्यांना तो खाववेना. प्रमिलाच्या टॅबवरच्या पुस्तकात नववीचं गणित नव्हतंच. पाचवीत तिला कावीळ झाली आणि उत्तरं चुकत गेली, तेव्हा पुस्तकाने आपणहून तिचे धडे सोपे केले. पुढे दरवर्षी ते तिला झेपेल तेवढंच दाखवत राहिलं आणि परीक्षाही त्याचीच घेत राहिलं. तिला नववीचेच धडे द्यावेत म्हणून बाईंनी शिक्षण खात्याकडे चारदा अर्ज केला. चारही वेळा उत्तर आलं, ‘विद्यार्थिनीची प्रगती उत्तम आहे.’ मग त्यांनी शाळा सुटल्यावर तिला बीजगणित शिकवायला घेतलं. ती रीत प्रमिलाने टॅबवरच्या गणितांना लावून पाहिली, उत्तरं चुकली आणि पुस्तक आणखी सोपं झालं.

“बारावी झाली की हिला नर्सिंगला घालतो, बाई,” रमण म्हणाले. “आता कोण अडवतंय?”

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका असते. बाईंनी ते सांगितलं आणि मग बाकीचंही सांगून टाकलं.

“म्हणजे हे मार्क खोटे?”

“खोटे नाहीत, रमणभाऊ. पण ते पाचवीच्या गणिताचे आहेत.”

प्रमिला वडिलांच्या मागून पुढे आली. ती म्हणाली, “बाई, मला काय येत नाही तेवढं सांगा. मी सुट्टीत करते.”

बाई खडू घेऊन फळ्यापाशी गेल्या आणि राहून गेलेल्या चार वर्षांतलं आधी काय लिहावं ते न सुचून फळ्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.